सरदारांची दोनशे दहा पावलं

आमचे सरदार पाहुण्याला कधी दारातून निरोप देत नसत. इथे आखातात, मुऐदर भागातल्या त्यांच्या घरून निघालं, की ते आमच्या गाडीशेजारून चालू लागत. बाहेर चव्वेचाळीस अंश, गाडी पहिल्या गिअरमध्ये, काच खाली, आणि सहा फूट तीन इंचांचा हा लालबुंद आयरिश माणूस ओठांतल्या ओठांत पावलं मोजतोय. किराणा दुकान मागे टाकून ते एका दिव्याच्या खांबाशी थांबत. गाडीच्या टपावर थाप मारत. "दोनशे दहा. यल्ला, आता जा!"

सरदार हे नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. आमच्या कंपनीत ते सुरक्षा अधिकारी, पण पूर्वज एका कुळाचे सरदार, किल्लाबिल्ला असलेले. त्यातल्या एकानं म्हणे पाहुण्याला दारातूनच निरोप दिला आणि पुढे पुलावर वैऱ्यांनी त्याला गाठून मारलं. तेव्हापासून कुळाचा नेम झाला, पाहुण्याला पुलापर्यंत पोचवायचं. दारापासून पूल दोनशे दहा पावलं, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं.

त्या किल्ल्याचं आता हॉटेल झालंय. सरदार तिथे कधी गेले नव्हते. "आकडा खोटा निघाला तर? आजोबांकडून मला तेवढंच मिळालंय," म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिथे दोन दिवस राहायचं ठरवलं, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू सगळं मोजतोस. हेही मोज. आणि बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस."

किल्ला झकास होता. गोल जिन्याला बासष्ट पायऱ्या, चार फूट जाड भिंती, आणि जेवणघरात रांगेनं टांगलेले अकरा पूर्वज, अकराही जणांना सरदारांचंच नाक. नाश्त्याला वाढणाऱ्या बाईंनी पुलाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. पावलं मात्र त्यांना माहीत नव्हती. मी तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा दोनशे अडतीस.

"अहो, दोनशे दहाच सांगा. कुणाचं काय जातंय?" बायको म्हणाली. पण मला ते जमणारं नव्हतं.

परतल्यावर शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे जेवताना खरा आकडा सांगितला. त्यांनी नॅपकिनची नीट घडी केली. "अठ्ठावीस जास्त. म्हणजे म्हातारा गोष्टी रचायचा." निघताना ते गाडीशेजारून चालले, पण पहिल्यांदाच ओठ हलत नव्हते.

मागच्या सीटवरून आमची लेक ओरडली, "बाबा, लुक ॲट हिज लेग्ज! तुमचे स्टेप्स केवढे छोटे आहेत!"

मी ब्रेक दाबला. उतरून त्यांच्या दारापर्यंत मागे गेलो आणि भर उन्हात खांबापर्यंत मोजत आलो. दोनशे अडतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

सरदारांनी खांबावर थाप मारली. मग म्हणाले, "आजोबा माझ्याच उंचीचे होते," आणि मला चक्क उचललं. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. "अहो, खाली उतरा! लोक बघतायत!" असं ओरडत बायकोच सगळ्यात जास्त हसत होती.

यंदा ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. विमानतळावर मी गाडीपासून मोजत होतो. आपल्याला पुढे जाऊ देत नाहीत त्या दरवाजाशी एकशे एक्कावन्नच झाली. "थांबा, अजून सत्त्याऐंशी," मी म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं ट्रॉली वळवली. कॉफीच्या दुकानाला आम्ही तीन फेऱ्या मारल्या, दोघंही मोजत, आपापल्या आकड्यांत.

दरवाजाशी परत आलो तेव्हा त्यांच्या ट्रॉलीवर मी थाप मारली.

"दोनशे अडतीस. यल्ला, आता जा!"