पांढऱ्या लुगड्यांची फेरी

पारशिवनीच्या स्टँडवर एस.टी. उभी होती आणि माझी ट्रंक काही केल्या टपावर चढत नव्हती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कंडक्टरवर ओरडत होते, पण खरा राग माझ्यावर होता. आमचे हे फौजेत. पोरांची शाळा नीट व्हावी म्हणून ह्यांनी नागपुरात खोली ठरवली, आणि ती कुठे, तर पलटणीतला दोस्त मधुकर याच्या घरी, उत्तर नागपुरातल्या बौद्ध वस्तीत. आम्ही कुणबी. गावाला तेवढा एकच विषय पुरला होता. सासूबाईंनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. गाडी हलली तेव्हा मामाजी खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "जाऊन राहिली त जाय. पण कोणाच्या घरचं खायाचं-प्याचं, त्याचं भान ठेवजो."

गावाकडच्या माझ्या माणसांनो, मी ते भान इमानदारीनं ठेवलं बरं. घरमालकीण गिरजाबाई, मधुकरची आई. छप्पन साली दीक्षा घेतलेली, गिरणीत काम करून एकुलता पोरगा वाढवलेली विधवा बाई. ती चहा पुढे करायची आणि मी म्हणायची, "आत्ताच झाला." माझा चहा दिवसातून तीनदा आत्ताच झालेला असायचा. तिला सगळं कळत होतं. ती नुसती हसायची आणि कप आत घेऊन जायची.

मग एका सकाळी मी दार उघडलं, तर अंगणात गिरजाबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून उभी. तिच्यामागे वस्तीतल्या बाया, सगळ्या पांढऱ्यात, गुपचूप रस्त्याला लागलेल्या. आमच्याकडे पांढऱ्याचा अर्थ एकच. मधुकरचं काही झालं असणार, आणि मधुकरचं झालं तर ह्यांचं काय? दोघं एकाच पलटणीत. पण आधी रीत. ज्या घरी माती झाली, त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजार भाकर घेऊन जातो. रडत रडत मी भाकरी थापल्या, बेसन केलं, टोपलं झाकलं आणि विचारत विचारत त्या बायांच्या मागे विहारात गेले. गिरजाबाईच्या गळ्यात पडून मी हंबरडाच फोडला, "कसं झालं वं माय हे?"

"काय झालं वं? काहून रडून राहिली?" तिला काही समजेना. मी टोपलं दाखवलं, लुगड्याकडे बोट केलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "अवं वेडे, आज बुद्धपौर्णिमा हाय! आमी सणाले पांढरं नेसतो."

अख्खा विहार हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गिरजाबाई हसता हसता थांबली, तिथेच खाली बसली आणि तिनं माझी भाकर मोडली. "दुःखात धावून आली लेक माही," असं बाकीच्यांना सांगत तिनं सगळ्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला. मग माझ्यापुढे खिरीची वाटी सरकवली. आता कोणत्या तोंडानं म्हणणार, आत्ताच झाली? मी खीर खाल्ली. दुसऱ्यांदाही घेतली. मामाजींनी दिलेलं भान त्या दिवशी गेलं ते गेलंच, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही.

त्या बाया नुसता सण करून घरी जात नसत. दरवर्षी खीर झाली की विहारापासून चौकापर्यंत त्यांची शांतीफेरी निघे. घोषणा नाहीत, गाणं नाही. हातात पुठ्ठे, त्यावर शाळेतल्या पोरींनी लिहिलेलं 'युद्ध नको'. जपानातल्या त्या दोन शहरांचं गिरजाबाईनं कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. "बॉम्ब काय जात पाहून पडते का?" असं ती भाजीवाल्यालाही विचारायची. तो बिचारा वांगी मोजायचा.

एकाहत्तर साली लढाई लागली. दोघांचीही पत्रं यायची थांबली. संध्याकाळी दिवे झाकायचा हुकूम होता. गिरजाबाईनं जाहीर केलं, फेरी आत्ताच काढायची, भर दुपारी. वस्तीतली माणसं समजवायला आली. "ही काय वेळ हाय का, गिरजाबाई? लोक म्हणतीन, फौजेच्या विरोधात चालून राहिल्या."

"माहं पोरगं तिथं हाय," ती म्हणाली. "लढाई थांबो, हे मी नाही म्हणन त कोण म्हणन?"

माझी मात्र छाती होईना. नवरा सीमेवर, आणि मी पांढरं नेसून रस्त्यावर? हात त्या लुगड्याला लावायचीही भीती वाटत होती. फेरीत गेले नाही तर गिरजाबाई आमच्या दोन्ही घरांच्या वतीनं एकटी चालणार होती. गेले, आणि ह्यांच्या कानावर आपली बायको युद्धाविरुद्ध चालली असं गेलं, तर त्यांना काय वाटेल? ते तिथे जीव मुठीत घेऊन उभे. निघायच्या वेळी मी दारात हिरव्या लुगड्यात उभी होते आणि डोळ्यांना धार लागली होती. "मले पांढरं नेसवत नाही, माय."

"नको नेसू," ती म्हणाली. "शांती मागायले रंग कशाले पाहिजे? चाल." आणि माझ्या हातात पुठ्ठा दिला.

सगळ्या पांढऱ्या रांगेत मी एकटी हिरवी. चौकात पानठेल्यावरचा एकजण खेकसला, "नवरे मरून राहिले तिकडे अन् ह्या इकडे फिरून राहिल्या! लाज नाही वाटत?" फेरी मुकीच असते. गिरजाबाई फक्त माझ्या त्या बाजूला आली, पानठेला आणि मी यांच्या मधे, आणि चालत राहिली.

आमच्या फेरीनं लढाई थांबली असं म्हणायला मी काही खुळी नाही. पण थांबली. हे परत आले. मधुकर आला नाही. तार आधीच आली होती. हे आले ते आमच्या खोलीत शिरलेच नाहीत, बूट न काढता गिरजाबाईच्या पायरीवर बसून राहिले. ती बाहेर आली, ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवला का गा?" तिच्या जागी मी असते तर माझ्यानं हे झालं नसतं. माझं कुंकू राहिलं आणि तिचं पोरगं गेलं, तरी त्या बाईनं एकदाही माझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तिचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार?

पुढच्या पौर्णिमेला वाटलं, यंदा फेरी नाही. तर गिरजाबाई सगळ्यांच्या आधी तयार. पेन्शनीत आल्यावर हेही जाऊ लागले. सगळ्या बायांच्या मागे, शेवटी, तीच ती पलटणीतली ताठ चाल. कोणीतरी हटकलं, "फौजी माणूस अन् याच्यात?" हे म्हणाले, "म्हणूनच."

तुम्ही मला नेहमी विचारता, पेन्शन झाली, शेती आहे, मग घरी केव्हा येता? शेताची, नदीची, तुमच्या हाकांची आठवण येते, खोटं कशाला सांगू? पण घर कोणतं असं विचाराल, तर मागच्या पोळ्याचं सांगते.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गिरजाबाई गेली. खांदा ह्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी डोकं भादरून आले. वस्तीतली जाणती माणसं म्हणाली, "आपल्यात हे नसते गा." हे म्हणाले, "माह्यात हाय." तसेच आम्ही सणाला गावी आलो. सासूबाई ओट्यावर बसून पुरणासाठी चण्याची डाळ पाखडत होत्या. ह्यांचं डोकं पाहून सूप हातातच थांबलं.

"कोण गेलं गा?"

ज्या बाईनं जन्म दिला तिच्यासमोर उभं राहून हे म्हणाले, "माय गेली."

मामाजींनी मान खाली घातली. सासूबाई लेकाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, सुपातली डाळ डब्यात परत ओतली आणि आत धाकट्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, "उद्या पुरण नको घालू वं. आपल्याले सुतक हाय."