सुकन्याकडे गेम चालतोच

तीन वर्षं खपून मी मेंढरं राखायचा एक गेम केला. माझ्या कॉम्प्युटरवर तो झकास चालायचा, बाकी कोणाकडेच चालेना. सदतीस जणांनी कळवलं, "डाउनलोड होतो, पण सुरू होत नाही." मी मनात म्हणायचो, साधी फाइल उघडायची अक्कल नाही आणि निघालेत गेम खेळायला! पण एक तारखेला मला पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्याआधी गेम लोकांपर्यंत पोचला नाही, तर तो कायमचा गुंडाळायचा, असं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी सुकन्याचं नाव सांगितलं. मूळची मैंदर्गीची, धनगराची लेक. आमच्या शहरातल्या सात रस्ता चौकाजवळ एका दुकानाच्या माडीवर तिची खोली. एकट्यादुकट्याने केलेले गेम घ्यायचे आणि खेळणाऱ्याला एका क्लिकसरशी सुरू करता येतील असे बांधून द्यायचे, हे तिचं काम. खोलीत नवा कॉम्प्युटर एकही नाही. सगळे रडतखडत चालणारे, मुद्दाम जमवलेले.

"लोकांकडं असलंच असतंय की," ती म्हणाली.

माझा गेम तिने उघडूनही पाहिला नाही. आईला हाक मारली. बनाबाईंचा जन्म मेंढरांमागे गेलेला. वाचता येतं, पण बोट ठेवून, अक्षर लावत.

"आई बसंल. तुमी तोंड उघडायचं न्हाय," सुकन्याने मला दम भरला.

बनाबाईंनी क्लिक केलं. फाइल उतरली. पडद्यावर मराठीत सूचना आली: ही फाइल धोकादायक असू शकते, काढून टाकायची? बनाबाईंनी ती सावकाश दोनदा वाचली आणि फाइल काढून टाकली.

"अहो, असं काय करता!" मी ओरडलोच.

"धोका हाय म्हणतंय ते," बनाबाई शांतपणे म्हणाल्या. "वळखीचं नसल्यावर घरात कसं घ्यायचं?"

सदतीस जणांनी हेच केलं होतं, शहाण्या माणसाने करावं तेच. बिनडोक मीच होतो. त्यांना मनात नावं ठेवायचो, हेही मी सुकन्याला सांगून टाकलं.

सुकन्याने हिणवलं नाही, सरळ कामाला लागली. फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नव्हती, म्हणून कॉम्प्युटर तिला चोर समजत होता. माझ्या नावाची सही मिळवायला तिने आठ दिवस कागदपत्रांचा पिच्छा पुरवला. गेमला लागणाऱ्या चार वेगळ्या फाइली एकीतच बसवल्या. प्रत्येक बदलानंतर आईला पुन्हा खुर्चीत बसवलं. इतक्या चिकाटीची बाई मी दुसरी पाहिली नाही. दोघींपैकी कोणती, ते मात्र विचारू नका.

अठ्ठावीस तारखेला बनाबाईंनी क्लिक केलं आणि सूचना आलीच नाही. पडद्यावर माळ उघडला, मेंढरं चालू लागली. बनाबाई पुढे सरकल्या.

"आरं, त्या लंगडीला मागं सोडू नगा, लांडगा न्हील की!"

तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणी परकं माणूस माझा गेम खेळत होतं. माझे डोळे भरून आले.

"आता त्या सदतीस जणांना फाइल धाडा," सुकन्या म्हणाली. "पर आदी माफी मागा."

मी मागितली. एकेकाचं नाव घेऊन.