गुंडातल्या हवेचं भाडं

सासूबाईंचा पितळी गुंड विकून मी सकाळची दोन तास झोप कमावणार होते. (गुंड म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडे पाणी भरायचं पितळेचं मोठं भांडं. दुसरा अर्थ मनात आणू नका, तसलं आमच्या घरात कोणी नाही.)

गुंडाचा आणि झोपेचा संबंध काय, ते सांगते. आमचे हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला आहेत. फॅक्टरीची बस साडेसहाला आमच्या कोपऱ्यावर येते आणि कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी पाचला उठते. चहा, पोळ्या, भाजी, डबा! थंडीत नदीवरचं धुकं गल्लीपर्यंत आलेलं असतं, गल्लीतली कुत्रीसुद्धा झोपलेली असतात आणि मी कणीक मळत असते. लोकांना काश्मीर बघायचं असतं. मला फक्त सकाळचे सात अंथरुणात पडून बघायचे होते.

त्या रविवारी नदीपलीकडच्या कारध्याचा भंगारवाला पूल ओलांडून नेहमीसारखा गल्लीत आला. सासूबाईंनी माळ्यावरचा गुंड खाली काढायला लावला. त्यांच्या लग्नात माहेरहून आंदण आलेला तो गुंड घरात नळ आल्यापासून उताणा पडून होता. भंगारवाल्याने काट्याला लावला आणि म्हणाला, "बाराशे देतो."

"देऊन टाक," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आता माझा दोष एवढाच की मला फोनवर ऑनलाइन लिलाव बघायची सवय लागली होती. तिथे असाच एक गुंड, तोही पोचा आलेला, पाच हजाराला गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता.

"भंगारात कायले देता? मी लिलावात विकते."

"तू?" पेपर खाली आला. "तुले कोथिंबिरीचा भाव करता येत नाही, वंदना!"

"अन् बाराशेच्या वर एक रुपया जरी हातात आला तर?"

"तर डबा मी बनवीन. पाचले उठून. रिटायर होईपर्यंत!"

"अन् कमी आले तर?"

"तर माझ्या मागं गाडीवर बसल्यावर तू तोंड उघडायचं नाही. जल्मात!"

किंमत मोठी होती. मी मागे बसून 'ब्रेक... बैल... बाई... ब्रेक!' असं मार्गदर्शन करते म्हणूनच आम्ही दोघं आजवर जिवंत आहोत. पण पलीकडे झोप होती. मी हो म्हटलं. सासूबाईंना पंच नेमलं. त्या म्हणाल्या, "माझी काही ना नाही वं. पण चांगल्या घरी जाऊ द्या म्हणजे झालं."

मी गुंड चिंचेने असा घासला की त्यात तोंड दिसायला लागलं. फोटो काढले, साइटवर टाकले. लगेच पहिला प्रश्न आला, 'जुना आहे म्हणता, मग इतका नवा कसा?' पुरावा म्हणून मी सासूबाईंना नऊवारीत गुंडाशेजारी उभं करून आणखी एक फोटो टाकला. त्यावर कोणीतरी विचारलं, 'दोन्ही मिळून किती?' (हा प्रश्न मी पंचांपर्यंत पोचू दिला नाही.)

मग फोनने विचारलं, पाठवण्याचा खर्च कोण करणार? विकणारा की घेणारा? मी मोठ्याने वाचलं. सासूबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या.

"असं काय विचारून रायला तो? पाहुण्याले तिकिटाचे पैसे मागते काय कोणी?"

मला एकदम पटलं. मी 'विकणारा' वर बोट ठेवलं. त्या दिवसात पहिल्यांदाच आमच्या यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

लिलाव मात्र झकास झाला! सातशेपासून सुरू झाला, हजार, चौदाशे, अठराशे, आणि अखेर एकवीसशेला सांगलीच्या एका बाईंनी गुंड घेतला. मी घरात नाचले. शेजारच्या चार घरी जाऊन 'माझा ऑनलाइन व्यवसाय' हा विषय कारण नसताना काढला. संध्याकाळी साइटचा हिशेब आला. एकवीसशेतून आधी साइटचं कमिशन गेलं. मग पैसे घेतल्याबद्दलची फी गेली. (पैसे माझे, येणार माझ्याकडे, आणि ते आल्याबद्दल फी मीच द्यायची!) मग कमिशनवर कर आणि फीवरही कर. उरले साडेसतराशे.

"गळून रायले हळूहळू," आमचे हे म्हणाले.

"अजून साडेपाचशे पुढं हाव आम्ही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गुंड गवतात गुंडाळून सव्वा फुटाच्या खोक्यात बसवला आणि आम्ही तिघं ऑटोने कुरिअरच्या दुकानात गेलो. तिघं, कारण सासूबाईंना गुंडाला निरोप द्यायचा होता आणि यांना माझा पराभव डोळ्यांनी बघायचा होता. दुकानातल्या माणसाने खोकं काट्यावर ठेवलं. तीन किलो. मी हसले. मग त्याने टेप काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली आणि म्हणाला, "अकरा किलो."

"अवो, तीन किलो भरला ना आत्ता!"

"ते मालाचं वजन, ताई. हे जागेचं. गाडीत जागा अकरा किलोची अडते. दोन्हीतलं जे जास्त, त्याचे पैसे. पाचशे होतात."

"म्हणजे आठ किलो कायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"हवेचं म्हणा, आजी."

मी मनात हिशेब केला. साडेसतराशेतून पाचशे गेले तरी साडेबाराशे. पन्नास रुपयांनी का होईना, जिंकले! मी पर्स उघडली. तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"थांब वं. आठ किलोचे पैसे देऊन हवा धाडून रायली काय तू? सांगलीले हवा नाही काय?"

"आई, नियमच हाय तसा."

"मंग हवेच्या जागी तांदूळ भरले तर?" हा प्रश्न थेट दुकानदाराला होता.

तो बिचारा गडबडला. "अकरा किलोच्या आत काहीही भरा, आजी. पैसे तेच."

"ऐकलं? अन् रिकामं भांडं आपल्या घरून आजपर्यंत गेलं काय कोणाकडं? शेजारणीची वाटी परत करतो तं त्यात चिमूटभर साखर टाकून करतो. हा तं माझा गुंड हाय! उचला खोकं!"

ते खरंच होतं. आमच्याकडे वाटी रिकामी परत जात नाही. ऑटोने खोकं घरी आलं. (ऑटोचं भाडं पैजेत धरायचं नाही, हे मी भांडून ठरवून घेतलं.) सासूबाईंच्या माहेरी, एकोडीला, भाऊ धान पिकवतात. तिकडून आलेला चिन्नोर तांदूळ त्यांनी स्वतः निवडला आणि मोजून आठ किलो गुंडात ओतला. घरभर वास सुटला. अकरा किलो बरोब्बर! पैसे तेच! मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चिकटपट्टी हातात घेतली.

आणि इथे आमचे हे उठले.

"माय," ते अत्यंत मायेने म्हणाले, "नुसता तांदूळ बरा दिसंल काय? सोबत पापड?"

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या माहेरच्या पाहुण्यांना चहासोबत बिस्कीट विचारलं नव्हतं!

"खरंच की रे," सासूबाई म्हणाल्या. पापड आले.

"अन् लाखोळीची डाळ? तिकडं सांगलीकडं कुठं भेटते लाखोळी?"

दोन किलो डाळ आली.

"अहो, वजन वाढून रायलं ना!" मी दातओठ खात म्हटलं.

"वंदना," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "पाहुणचारात वजन बघतं काय कोणी?"

सासूबाईंनी लेकाकडे कौतुकाने आणि माझ्याकडे कशाने पाहिलं ते मी सांगत नाही. आता मी काय करायचं? पापड काढा म्हटलं तर कंजूष सून, गप्प बसले तर झोप गेली! मी कंजूष ठरायला भ्याले. मग कुरोड्या आल्या, सांडगे आले, आणि खोक्याचे चारही कोपरे भरल्यावर यांनी सुचवलं की गूळ राहिलाच. दुसऱ्या दिवशी दुकानातला काटा पंधरा किलोच्या पुढे गेला. भाडं सातशे. हातात उरले एक हजार पन्नास.

परत येताना मी गाडीवर मागे बसले होते. समोर म्हैस आली. हे आरशातून माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं नाही. म्हशीनेच समजूतदारपणा दाखवला म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे.

आठवड्याने फोन वाजला.

"वंदनाताई का? मी सांगलीहून बोलतेय. घागर मिळाली. पण तिच्यात काहीतरी आहे हो."

"तांदूळ," मी मेल्या आवाजात म्हटलं.

"ते दिसलं. पापडपण आहेत. आणि एक कसलीशी डाळ आहे. दुसऱ्या कुणाचं पार्सल चुकून आलंय का? सगळं परत पाठवू का?"

माल परत आला तर जाण्या-येण्याचं भाडं विकणाऱ्याच्या डोक्यावर आणि कापलेलं कमिशन गेलं ते गेलंच, असा नियम मी आदल्याच दिवशी वाचला होता! मी काही बोलण्याआधी सासूबाईंनी फोन ओढून घेतला.

"परत कायले वो बाई? आमच्याकडं भांडं रिकामं धाडत नाही. चिन्नोर हाय, माझ्या माहेरचा. भात करा अन् पोरांले खाऊ घाला. अन् तो गुंड माझ्या लग्नातला हाय बरं, सांभाळजा."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो आई, आमच्यातपण नाही हो पाठवत रिकामं." आवाज एकदम भिजलेला.

पुढे अर्धा तास दोघी बोलत होत्या. गुडघे झाले, पाऊस झाला, मग सासूबाई फोन घेऊन अंगणात गेल्या, त्यावरून सुनांचा विषय निघाला असावा. त्या परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "चांगल्या घरी गेला वं," म्हणाल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला पैज हरल्याचं काही वाटलं नाही. मला फार फार आनंद झाला. (तो दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत टिकला.) साइटवर बाईंनी पाच तारे दिले आणि लिहिलं, 'घागर छान. तांदूळ अतिशय छान.' खाली लगेच कोणीतरी विचारलं, 'पुढच्या वस्तूत काय भरणार आहात?'

आणखी आठवड्याने आमच्या दारात एक पार्सल आलं. सांगलीहून! माणूस म्हणाला, "दोनशे रुपये द्या."

"कायचे?"

"भाड्याचे. पाठवणाऱ्यांनी भाडं घेणाऱ्याकडून लिहिलंय."

त्या बाईही माझ्यासारख्याच नवशिक्या. घाईत भलत्याच चौकटीत खूण करून बसल्या होत्या. आता यावर त्यांना फोन करून काय सांगणार? दिले दोनशे. आत किलोभर बेदाणे, हळद आणि एक चिठ्ठी होती, 'आमच्याकडूनही रिकामं नाही.'

रविवारी यांनी पंचांसमोर हिशेब मांडला. येता-जाता मुठी भरून बेदाणे खायची त्यांना सवयच लागली होती, तशी एक मूठ तेव्हाही तोंडात होती.

"एक हजार पन्नास. त्यातून दोनशे गेले. राहिले साडेआठशे. बाराशे कुठं अन् हे कुठं! आता जल्मभर गाडीवर मौन, वंदना!"

सासूबाईंनी सुपातून मान वर केली. "काय खाऊन रायला रे तू?"

"बेदाणे."

"कायचे आले ते?"

"गुंडाचे..." म्हणता म्हणता यांचं चावणं थांबलं.

"मंग ते तिच्या हातात आले का नाही? जा, वाण्याले भाव विचारून ये."

ते स्वतःच गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. बेदाणे आणि हळद मिळून पाचशे होत होते. म्हणजे साडेतेराशे! मी टाळी वाजवली.

"थांबा! मंग तांदळाचे पैसे वजा करा!" हे ओरडले.

"माहेरच्या तांदळाले भाव लावतं काय रे कोणी?" सासूबाई म्हणाल्या. "अन् पापड, डाळ, गूळ तं तूच टाकाले लावला होता. पाहुणचार होता ना तो? वंदना जिंकली!"

त्या रात्री मी गजर लावला नाही. पाचला यांचा गजर झाला, हे उठले, आणि मी गोधडीत शिरून जगातलं सगळ्यात मोठं सुख अनुभवायला डोळे मिटले.

"वंदना, जिरं कुठं हाय?"

"डब्यात."

"कोणत्या डब्यात?"

"हिरव्या झाकणाच्या."

"त्यात मोहरी हाय! अन् कणकीत पाणी किती टाकाचं? वंदना, हे असं हाताले काहून चिकटून रायलं? वंदना, पोळीले वास येऊन रायला, हा बरोबर हाय का?"

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी उपाय शोधला. पैज मीच जिंकले, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि यांचा डबा हे स्वतःच बनवतात, हेही सगळ्या फॅक्टरीला माहीत आहे. हल्ली मी पावणेपाचला उठते, कणीक मळून ठेवते, भाजी चिरून ठेवते, जिऱ्याचा डबा उघडून अगदी त्यांच्या नाकासमोर ठेवते आणि पाचच्या आत परत अंथरुणात शिरते, म्हणजे हे डबा करत असताना माझी झोपमोड होत नाही!