पोरीचा बर्फ, बापाची द्राक्षं

१० जानेवारी. संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले होते. हे काम मान वर न करता करावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच आमच्या स्वयंपाकघरात हवामानबदलावर परिषद भरली.

निमित्त मुलीचं. तिला उत्तराखंडातल्या एका डोंगरावर स्कीइंग शिकवायची नोकरी आली होती. म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायचं आणि दुसऱ्यांनी घसरताना आपटू नये म्हणून ओरडायचं. कॉलेजात असताना ती तिकडे एका कोर्सला गेली होती आणि पुढे हेच करायचं ठरवून परत आली. मागच्या हिवाळ्यात नोकरी मिळाली, पण बर्फच पडला नाही. भरलेली बॅग पलंगाखाली राहिली. यंदा त्यांनी पुन्हा विचारलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. नाही म्हटलं की तो विषय कायमचा संपला, हे तिला ठाऊक होतं.

आमची द्राक्षबाग दिंडोरी रस्त्याला आणि घर बागेतच. नवरा आणि दीर मिळून बाग बघतात. आजवर एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं नाही.

नवरा शेतकी पदवीधर. तो म्हणाला, "हवामान बदललंय, हे शास्त्रच सांगतंय. हिमालयातला बर्फ कमी होत जाणार. बुडत्या धंद्यात कशाला शिरायचं?"

"काय बदललंय?" दीर म्हणाले. "आजोबांच्या वेळेलापण गारा पडायच्याच की. हे सगळं परदेशी लोकांचं खूळ आहे. पाऊसपाणी थोडं मागंपुढं होतं, बस."

मुलीने लगेच पकडलं. "म्हणजे काका, बर्फ पडणार?"

"पडणार म्हणजे? लय पडणार."

"मग जाऊ ना मी?"

"अजिबात नाय. एवढ्या बर्फात पोरीच्या जातीनं कशाला जायचं?"

म्हणजे शास्त्र मानणारा म्हणतो, बर्फ नाही म्हणून जाऊ नको. न मानणारा म्हणतो, बर्फ आहे म्हणून जाऊ नको. या विषयावर जगभर मोठे वाद चालतात म्हणे. आमच्याकडे चहा गाळून होईपर्यंत एकमत झालं.

तरी शेवटचा शब्द बाकी होता. द्राक्षवाल्यांच्या घरात तो बागेच्या सल्लागाराचा असतो. हा गृहस्थ बागेत येतो, पानं उलटीपालटी करून बघतो आणि कोणतं औषध मारायचं ते सांगतो. त्याचं ऐकायची लोकांना इतकी सवय लागते की पुढे गाडी कुठली घ्यायची हेही त्यालाच विचारतात. शेजारच्यांनी तर त्याला होणाऱ्या जावयाचा फोटो दाखवला होता. नवऱ्याने त्याला फोन लावून स्पीकर चालू केला.

"सर, हिमालयातल्या बर्फाचं काय?"

"दादा, तेच सांगणार होतो. उत्तरेत पश्चिमी झंझावात येतोय. तिकडे चांगला बर्फ पडेल. आपल्याकडे ढगाळ राहील, एखादी सरही येईल. भुरी सांभाळा. उद्या सकाळीच ब्लोअर काढा."

"ते झालं. पण पुढं वीस वर्षांनी बर्फाचं काय होईल?"

"दादा, मला पुढच्या आठवड्याचं विचारा."

मुलगी आनंदाने ओरडली. नवऱ्याने कपाळाला हात लावला. आमच्याकडे आता दर हिवाळ्यात हे असंच. जो झंझावात तिच्या डोंगरावर बर्फ टाकतो, त्याचंच शेपूट इकडे येऊन आमच्या घडांवर भुरीची बुरशी चढवतं. बापलेक एकच अंदाज वाचतात, तोंडं मात्र दोन दिशांना.

"आणि पप्पा, बर्फ कमी पडला तर तिकडे मशीनने करतात," ती म्हणाली.

दीर खो खो हसले. "बर्फ करायचं मशीन! उद्या डोंगरपण भाड्यानं आणशील."

खिडकीतून आमचा नवा प्लॉट दिसत होता. वेलींवर पाऊस पडू नये म्हणून यंदाच त्यावर प्लास्टिकचं छत घातलं होतं, तेही दिरांच्या हट्टाने.

"भाऊजी," मी म्हटलं, "पाऊस जर आजोबांच्या वेळेसारखाच आहे, तर बागेला रेनकोट कशाला?"

"वहिनी, तीळ करपतील तुमचे."

मग नवरा हळूच म्हणाला, "ही गेली तर ब्लोअर कोण चालवणार?"

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंखा. आमचा ड्रायव्हर दिवाळीत सोडून गेला. नवऱ्याची पाठ धरते आणि दीर फवारणीच्या वासाने दिवसभर खोकतात. तेव्हापासून मांडवाखालच्या अरुंद ओळींतून, एकाही लोखंडी अँगलला धक्का न लावता, ट्रॅक्टर काढते ती मुलगीच. हे खरं कारण. त्याला ना शास्त्र लागत होतं, ना परदेशी लोक.

मुलीने फोन पालथा ठेवला. बर्फाच्या भवितव्यावर ती बापाशी रात्रभर भांडली असती, पण पाठदुखीशी कसं भांडणार?

मी गॅस बंद केला. "मी चालवते."

"वहिनी, स्कूटी नाय ती!"

"माहितीये. उद्या सकाळी शिकते."

"आणि तिकडे बर्फ पडलाच नाही तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर येईल परत. आपली द्राक्षं दर वर्षी हाती लागतात का? तरी छाटणी करतोच ना?"

यावर दोघा भावांपैकी कोणाला काही सुचायच्या आत मुलीने होकार पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. मी साडीऐवजी तिचा ट्रॅकसूट घातला, नाकातोंडाला रुमाल बांधला, तिला शेजारी मडगार्डवर बसवलं आणि ट्रॅक्टर ओळीत घातला. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत वळताना एक अँगल वाकवला. बांधावरून दीर ओरडले, "वहिनी, हे काय हवामानामुळं नाय झालं बरं का!" मला ऐकू आलं नाही असं दाखवून मी तिसरी ओळ घेतली.