जबडा पुढे घेऊन झोपा

आमचे हे घोरतात, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. पत्रिका दाखवली, मांजरी गावातला ऊस दाखवला, हडपसरचं सिमेंटचं दुकान दाखवलं. घोरणं तेवढं गुलदस्त्यात ठेवलं. तशी मीही काही महालात वाढलेली नाही. कसबा पेठेत दोन खोल्यांत सात माणसं झोपायची आमच्या घरी. पण यांचं घोरणं म्हणजे उसाचा ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखं. भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्यासुद्धा वाजायच्या, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

सासरी कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. त्या तर कौतुकानं सांगायच्या, "घोरतोय म्हंजी पोटभर जेवलाय, आन जिवाला काळजी न्हाई. चांगलं हाय की." म्हणजे काळजी सगळी माझ्या वाट्याला.

आवाजाची सवय झाली मला. सवय झाली नाही ती मधल्या शांततेची. घोरता घोरता हे एकदम बंद पडायचे. छाती वरखाली होतेय, पण श्वास काही जात नाही. मी कोपरानं ढोसलं की पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घ्यायचे आणि पुन्हा गाडी सुरू. सकाळी सांगावं तर म्हणायचे, "मी आणि घोरतो? स्वप्न पडलं असेल तुला."

दिवसा मात्र हे कुठेही डुलक्या घ्यायचे. गिऱ्हाईक समोर उभं असताना, पेपर वाचताना, वरण कालवता कालवता. एकदा मुंढव्याच्या चौकात हिरवा दिवा लागला आणि हे स्टिअरिंगवर हनुवटी टेकून झोपलेले. मागच्या लोकांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी यांना शेजारच्या सीटवर ढकललं, स्वतः गाडी चालवायला बसले आणि गाडी थेट डॉक्टरांकडे नेली.

अंगभर तारा चिकटवून झोपवायची एक तपासणी असते, ती झाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट बंद होते. तसंच चालू राहिलं तर हृदयावर बेततं. उपाय म्हणून त्यांनी नाकावर मुखवटा लावायचं मशीन दाखवलं. "मी काय विमान चालवतो का?" म्हणून हे उठूनच उभे राहिले. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, तुमचा त्रास मध्यम आहे, दातांवर बसवायचं साधन करून बघता येईल. पण ते रोज घालावं लागेल.

दातांच्या डॉक्टरीणबाई अस्सल पुणेरी निघाल्या. त्यांनी यांच्या तोंडात गुलाबी लगदा भरून वरच्या-खालच्या दातांचे साचे घेतले, आणि पुढच्या वेळी दोन पारदर्शक पट्ट्या हातात ठेवल्या. एकमेकींना जोडलेल्या. त्या घातल्या की खालचा जबडा जरासा पुढे येतो, त्याच्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते.

"हे घालून बोलता येईल का?" यांनी विचारलं.

"झोपेत कोणाशी बोलायचंय आपल्याला?" बाई म्हणाल्या.

सुरुवातीला यांनी माझ्या नाकी नऊ आणले. लाळ गळते, जबडा ठणकतो, सकाळी दातावर दात बसत नाही, भाकरी चावत नाही. "मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात तसं बांधलंस तू मला," असं दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. बाईंनी जबड्याचे व्यायाम दिले, पट्ट्या थोड्या सैल करून दिल्या, मग कुरकुर कमी झाली. आणि खरं सांगते, मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी दूधवाल्याची बेल वाजेपर्यंत झोपू लागले. यांच्या डुलक्या थांबल्या. वरण गार व्हायच्या आत संपायला लागलं.

आत्यांना काही ते पटलं नाही.

"एवढ्यातच कवळी लावली का रं?"

"कवळी नाही हो ती, आत्या."

"दातावं बसतंय न्हवं? मग कवळीच."

कवळी हा शब्द यांच्या मनात घर करून बसला. त्यातच वाघोलीच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आला. हे मुलीचे मामा, म्हणजे फेटा, मान, पहिल्या पंगतीचं ताट. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, आणि जिलबीचा आग्रह. मग नणंदेच्या हॉलमध्ये सतरंज्या पडल्या आणि आमच्याकडचे, मुलाकडचे सगळे पुरुष ओळीनं आडवे झाले. मी हळूच पट्ट्यांची डबी पुढे केली.

"वेड लागलंय का तुला? मुलाकडचे बघतायत. मुलीच्या मामाला या वयात कवळी, अशी गावभर बोंब होईल."

"आणि घोरलात म्हणजे?"

"घोरण्यात काय लाज? मी नुसते डोळे मिटतो."

पालथ्या घड्यावर पाणी. मी डबी हातातच धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. आत्या तिथेच खुर्चीवर बसून सुपारी कातरत होत्या.

डोळे मिटल्या मिटल्या ट्रॅक्टर सुरू झाला. ओळीत खसखस पिकली. "मामांचं इंजिन दणकट आहे," मुलाचे वडील म्हणाले. मग इंजिन बंद पडलं. "डिझेल संपलं वाटतं," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे पुन्हा हसले. यांची छाती वरखाली होत होती. श्वास नव्हता. मी पाऊल उचललं.

माझ्या आधी आत्या उठल्या. गुडघे धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, तरी उठल्या. आडव्या माणसाला ओलांडू नये म्हणून आम्हाला जन्मभर बोल लावणारी ही बाई, मुलाकडच्या तिघांना ओलांडून गेली. वाकून यांच्या छातीवर जोरात थाप मारली. हे धडपडून उठून बसले, तोंड उघडं टाकून श्वास ओढत.

"काय झालं गं, आई?"

आत्या सतरंजीवर बसल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुज्या बापाचं असंच बंद पडलं हुतं. लोक म्हणत्यात, झोपंत गेलं, पुण्यवान मानूस. मी शेजारीच हुते. मला वाटलं, थांबलं एकदाचं घोरणं, आता मला जरा झोप लागंल." त्यांनी पदरानं यांच्या कपाळावरचा घाम टिपला. "आन लागली."

यांनी माझ्यापुढे हात केला, डबी घेतली, आणि सगळ्यांच्या देखत पट्ट्या दातांवर बसवल्या. मग आईकडे बघत पुन्हा आडवे झाले. यांना जाग येईपर्यंत आत्या उशाशी बसून होत्या, यांच्या छातीवर हात ठेवून.