पाचव्या कारंज्याचा हौद

इन्स्पेक्टरने पाचव्या कारंज्याच्या हौदात टॉर्च मारला आणि आमच्या साइट इंजिनिअरला, मेश्रामला, जवळ बोलावलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचे दिवस होते. सिंगापूरमध्ये आवारात डास वाढू देणं हा गुन्हा आहे.

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या त्या कॉन्डोला, म्हणजे महागड्या फ्लॅट-सोसायटीला, फ्रेंच राजाच्या बागेसारखी पाच कारंजी हवी होती. पंप रूममध्ये जागा एकाच पंपाची, आणि तो एका वेळी एकच कारंजं उडवू शकत होता. राजाकडेही पाणी पुरत नसे. तो फिरायला निघाला की माळी शिट्टी वाजवत. पुढचं कारंजं सुरू होई, मागचं बंद. मी ज्या बाग-डिझाइनच्या कंपनीत काम करते तिथले बॉस लिम यांना ही युक्ती फार आवडली. शिट्टीऐवजी आम्ही सेन्सर बसवले. माणूस जवळ आला की पाणी उडायचं.

"माणूस आलाच नाही तर?" मेश्रामने मीटिंगमध्ये विचारलं होतं. "टायमर लावून प्रत्येक कारंजं रोज थोडा वेळ चालवू या."

"रिकाम्या बागेत कारंजं? मग मजा काय राहिली, ला," लिम त्यांच्या सवयीचा सिंगापुरी 'ला' शेवटी जोडत म्हणाले. टायमर रद्द झाला.

पाचवं कारंजं मागच्या भिंतीशी होतं. तिकडे कुणी फिरकत नसे. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये गेली, तेव्हा इन्स्पेक्टर आला.

मी लिमच्या केबिनमध्ये गेले.

"टायमर तुम्ही काढायला लावलात."

"माहितेय. पण क्लायंटला एक माणूस काढलेला हवाय. साइट मेश्रामची होती."

"नोकरी गेली की त्याचा इथे राहायचा वर्क पास जातो. बायकोला सातवा महिना आहे."

"तुझा पासही नोकरीवरच आहे ना?"

तरी क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये मी लिमसमोरच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. लिम शांतपणे म्हणाले, "दोघं एकाच गावचे आहेत." मेश्राम नागपूरचा, मी पुण्याची. विषय तिथेच संपला.

मेश्रामच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर गेले तेव्हा तो खोक्यांना टेप लावत होता.

"ताई, उगाच भांडलात. आता तुमची नोकरी सांभाळा."

"तिकडे डॉक्टर बघितलाय?"

"आईने बघून ठेवलाय. हिला विमानात बसू देतात का, तेवढं विचारायचंय."

ती मुलगी बरी झाली. पाचव्या हौदात माती भरून नेचे लावले. लिमनी पुढच्या प्रोजेक्टला टायमर घेतला. तो आधी कुणी सुचवला होता, ते मात्र सांगितलं नाही.

आता कारंज्याचं काम आलं की मी पहिला प्रश्न विचारते: बंद असताना पाणी कुठे जाईल? उत्तर मिळेपर्यंत पाणी किती उंच उडेल यावर चर्चा करत नाही.