रखमानं काढलेला वैशाख

लालबागच्या त्या चाळीत रखमाला कुणी भीत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर तो माणूस त्या चाळीत कधी राहिलाच नव्हता एवढं खुशाल समजावं. साठीला टेकलेली, अंगानं काडी, पण पाण्याच्या हौदावर तिनं घागर पुढे केली की भांडणारे आपोआप बाजूला होत. तिची सून मालन तिला भीत नव्हती, पण वचकून असे. आणि मनातल्या मनात तिच्याशी रोज भांडे. दोघींचं तसं बरं चाललं होतं म्हणायचं.

रखमा मूळची सावंतवाडी संस्थानातली. नवरा तरणाताठा गेला तेव्हा कुशाबा कडेवर आणि धाकटी मुलगी पोटाशी घेऊन ती गलबतात बसली आणि मुंबईला उतरली. ठाकूरद्वारच्या एका वाडीत तिनं तळमजल्याची खोली घेतली. दिवस चैत्राचे होते, भिंती कोरड्या खडखडीत, समोर विहीर. गावाकडच्या माणसाला आणखी काय हवं? आषाढात त्याच भिंतींना पाझर फुटला. कपडे वाळेनात, चूल धुमसत राही, आणि धाकटी खोकून खोकून गेली.

त्या दिवसापासून रखमानं एक कायदा करून टाकला. घर त्याच्या वाईट दिवसांत बघायचं. लालबागची ही वरच्या मजल्यावरची खोली तिनं भर श्रावणात, धो धो पावसात बघितली. भाडं वसूल करणारा मेहता दारात छत्री धरून उभा, आणि ही बया भिंतीला पाठ लावून बसलेली. त्याला वाटलं, बाई दमली. बऱ्याच वेळानं ती उठली, चोळीची पाठ चाचपून बघितली, कोरडी लागली, तेव्हा कुठं हो म्हणाली. त्या खोलीत कुशाबा वाढला, गिरणीत लागला, मागांच्या साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम झाला, त्याचं लग्न झालं. मालनची दोन मुलं मात्र त्याच खोलीत गेली. एक देवीनं, एक तापानं. त्याला खोली काय करणार? आता तिसरी कमल होती, तीन वर्षांची, पायानं बारीक, डोळ्यांनी टपोरी. मालनचा सगळा जीव त्या पोरीत अडकलेला होता.

अठराशे चौऱ्याण्णव सालच्या शिमग्यानंतर कुशाबाला बोलावणं आलं. माळव्यातल्या एका संस्थानात नवी गिरणी निघत होती. माग बसवायला, माणसं शिकवायला मुंबईचा जाणता गडी हवा होता. मुख्य जॉबर करतो, वर राहायला घर देतो, असं तिथल्या कारभाऱ्यांनी कळवलं. घरं नवी कोरी, वर पत्रे घातलेली. मृगाच्या आधी येतो की नाही तेवढं सांग, म्हणाले.

कुशाबाची छाती फुगली. फुगायचीच. ज्या खात्यात पोरवयात मागाचे धोटे उचलले, तसलं अख्खं खातं आता त्याच्या हाताखाली येणार होतं. पण चाळीनं त्याला सुखानं फुगू दिलं तर ती चाळ कसली! एक म्हणाला, तिकडे उन्हात कावळा उडता उडता खाली पडतो. दुसऱ्यानं सांगितलं, थंडीत घागरीतलं पाणी घट्ट होतं. शांती कोळीण टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "अगं बाई, तिथं दर्या नाय, मासली नाय. पोर काय गवत घालून वाढवशील?" यांपैकी कुणीही कल्याणच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मालनला नवऱ्याचं वर चढणं हवं होतं. पण कमलकडे बघितलं की ती पोरीला जवळ ओढून घेई. दोन गेली, आता ही एक. परक्या राज्यात, अनोळखी हवेत, कधी न पाहिलेल्या पत्र्याखाली न्यायची? तिला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. कुशाबा रोज विचारी, ती रोज भांडी घासायला लागे.

एका सकाळी भाकऱ्या थापता थापता रखमानंच विषय मिटवला.

"थयलो वायट म्हयनो खयचो?" तिनं विचारलं.

"वैशाख म्हणतात," कुशाबा म्हणाला. "का गो आये?"

"मगे वैशाखात मी जातंय. त्या घरात रवान बघतंय. माका झेपला तर ह्या पोरीक झेपात."

कुशाबाच्या हातातला घास हातात राहिला. "खुळी झालीस काय? या वयात? तिकडे एकटी? तुला काही झालं तर?"

"झाला तर माका होतला ना! ह्या पोरीक तरी होवचा नाय," रखमा म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. "एक राज्य ओलांडून इलंय मी, पदरात दोन पोरां घेवन. आता तर पदर रिकामोच आसा."

कुशाबानं खूप समजावलं. मालननंही समजावलं, पण तिच्या मनात एक खोट होतीच. तिला वाटलं, म्हातारीला मुंबई सोडायची नाही. चार दिवस राहून येईल, नाक मुरडील, आणि मग आयुष्यभर ऐकवील की मी नको म्हटलं होतं. तरी तिनं सासूला लाडू बांधून दिले, सोबत सुकी मासळी दिली. गुणाजी नावाचा फिटर त्याच गिरणीची यंत्रं घेऊन निघाला होता. त्याच्या सोबतीनं रखमा चैत्राच्या अखेरीस बोरीबंदरावरून आगगाडीत बसली. गाडी हलेपर्यंत ती कुशाबाला मालनच्या चुका सांगत होती.

आणि मग मालनचे हाल सुरू झाले. हौदावर बायका तिच्याकडे बघून कुजबुजत. "सुनेनं म्हातारीला उन्हात मरायला धाडली," हे वाक्य तिच्या कानावर पडेल एवढ्याच हळू आवाजात बोललं जाई. आधी ती भांडली, नंतर भांडायचंही सोडलं. रखमा असती तर या बायकांची तोंडं एका नजरेत बंद झाली असती. सासूची उणीव आपल्याला जाणवते आहे, हे लक्षात आल्यावर मालनला स्वतःचाच राग आला.

वैशाख निम्मा सरला तेव्हा गुणाजी काही सुटे भाग न्यायला मुंबईला आला. त्याला जिन्यातच सगळ्यांनी गाठलं.

"आये बरी आहे ना?" कुशाबानं विचारलं.

गुणाजी डोकं खाजवू लागला. "आता बरी आहे."

"आता म्हणजे?"

"मधे आजारी पडली होती थोडी. ऊन लागलं. पण आता भांडते आहे, म्हणजे बरीच असणार."

कुशाबा त्याच पावली निघायला उठला. गुणाजीनं त्याला धरून बसवलं. "तिनं बजावून पाठवलंय. कुशाबा आला तर त्याला परत पाठवीन, म्हणाली. महिना पुरा करणार, म्हणते."

त्या दिवशी मालनला जेवण गेलं नाही. आपण म्हातारीबद्दल काय काय मनात आणलं होतं ते तिला एकेक आठवू लागलं. म्हातारी परत येऊ दे, एवढंच तिनं देवाकडे मागितलं. माळवा मिळो न मिळो.

जेठ लागता लागता एका दुपारी चाळीच्या आवारात ओळखीचा आवाज घुमला. "मेल्यांनो, वाटेत बाज कोणी टाकल्यान?" मालन कठड्याकडे धावली. खाली रखमा उभी. निम्मी झालेली, रंग करपलेला, नाकाची साल निघालेली, पण मान ताठ. जिना चढताना तिनं कुणाचा हात धरला नाही.

घटकेत खोली भरली. कुजबुजणाऱ्या बायका तर सगळ्यांत पुढे. कमल आधी आजीला बिचकली, मग जवळ जाऊन तिच्या नाकाची साल बोटानं बघू लागली. रखमानं तिला मांडीवर घेतलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि सांगायला लागली. तिचं ते सगळं मालवणी बोलणं इथं जसंच्या तसं देत बसत नाही; पण सांगितलं ते असं.

घर नवं होतं, भिंती चांगल्या जाड होत्या. पहिल्या दिवशी दुपारी आत पाऊल टाकलं तर कोंदट उबारा. तिनं काय करावं? मुंबईत तीस वर्षं जे केलं तेच केलं. दुपार कलली की वरळीच्या बाजूनं वारा सुटतो, आपण खिडकी सताड उघडतो, पोरांना तिच्याखाली निजवतो, आणि सगळी चाळ सुटकेचा श्वास टाकते. तशीच तिनं तिथली पश्चिमेची खिडकी उघडली, खाली चटई टाकली आणि वारा घेत पडली. वाऱ्यावर तिला झोपही लागली.

"वारो कसलो," रखमा म्हणाली, "भट्टीचा तोंड ता. उठाक गेलंय तर उठवेना. जीभ लाकूड झालेली. डोळ्यांपुढे काळोख."

शेजारच्या घरात गेंदाबाई नावाची तिथलीच एक बाई राही. तिला उघडी खिडकी दिसली आणि ती ओरडतच आत धावली. खिडकी मिटली, दार मिटलं, म्हातारीच्या अंगावर ओलं फडकं टाकलं, भाजलेल्या कैरीचं पन्हं चमच्या-चमच्यानं पाजलं. दोन दिवस ती उशाशी बसून होती. एकीची बोली दुसरीला धड कळत नव्हती, तरी शिव्या मात्र दोघींच्या दोघींना कळल्या. त्या मुलखात दुपारी सगळं मिटून अंधारात बसायचं, खिडकीला वाळ्याची ओली तट्टी लावायची, आणि वारा घ्यायचा तो सूर्य बुडाल्यावर, अंगणात बाजेवर. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुंबईच्या माणसाला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी तो ऐकणार थोडाच!

"कारभाऱ्याक मी जेवाक बोलावलंय," रखमा पुढे म्हणाली. भर दुपारी बोलावलं होतं. माणूस भला होता, आला. पत्र्याखाली बसून भात-आमटी जेवता जेवता त्याचा अंगरखा भिजून अंगाला चिकटला. रखमानं तक्रारीचा शब्द काढला नाही, फक्त आणखी वाढत राहिली. हात धुताना तोच म्हणाला की पत्र्यांवर गवत आणि मातीचा थर घालायला हवा. तो घालून झाला. पुढे पडवीही काढली. त्यानंतर ती त्याच घरात वैशाख संपेपर्यंत राहिली. रोज दुपारी दार मिटून बसली, रोज संध्याकाळी अंगणात निजली, आणि रोज सकाळी आपल्या पायानं उठली.

मालन मागे उभी राहून ऐकत होती. तिच्या पाठीशी खोलीची खिडकी होती, सताड उघडी, आणि वरळीचा वारा तिचा पदर उडवत होता. तिनं वळून त्या खिडकीकडे बघितलं. मी काय केलं असतं? नव्या घरात पाऊल टाकल्याबरोबर पहिली खिडकी उघडली असती. खाली गोधडी घातली असती. कमलला तिच्यावर निजवून, निज गं बाई, वारा आहे, असं म्हणून थोपटलं असतं. आणि पाणी आणायला बाहेर गेले असते.

ती सगळ्यांच्या देखत पुढे आली आणि तिनं सासूचे पाय घट्ट धरले. "आये, माझी पोर तुम्ही वाचवलीत," ती म्हणाली. आपल्या घरात केवढं मोठं माणूस आहे या अभिमानानं तिनं ते आणखी आवळून धरले. हौदावरच्या बायका खाली बघू लागल्या.

"पाय सोड गो, दुखतत," रखमा म्हणाली. पण तिनं सुनेच्या डोक्यावर ठेवलेला हात काढला नाही.

कुशाबाचा धीर सुटला होता. महिनाभर तो याच क्षणाची वाट बघत होता. "आये, हे सगळं ऐकलं. आता एकच सांग. जायचं की नाही? तू नको म्हणालीस तर मी आजच कारभाऱ्यांना तसं कळवतो, माझी काही तक्रार नाही. हो म्हण की नको म्हण."

रखमानं त्याच्याकडे असं बघितलं की हा आपलाच मुलगा का, असा तिला प्रश्न पडला असावा.

"हो नि नको इचारतंस काय? चूल पेटवून इलंय मी थय. गेंदाबाई निखारो राखता. चार दिसात येतंव म्हणान तिका सांगलंय. उठा, भांडी बांधूक लागा."

मालननं डोळे पुसले, पदर खोचला आणि फळीवरची भांडी खाली काढायला घेतली.